चटणीच्या डबीतला बफर

सासऱ्यांनी हात वर करून गाणं थांबवलं तेव्हा मला वाटलं, ढोलकीचा ठेका चुकला असेल. पण ते माझ्याकडे बघत होते.

"तुझी गिटार गोधडीत तोंड घालून बोलल्यासारखी वाजते," ते म्हणाले. "कुठला सूर ते कळत नाय. नुसतं गुं गुं."

रविवारची सकाळ होती. उमरोळीला आमच्या घरामागे पत्र्याची एक खोली आहे, तिथे आम्ही चौघं सरावाला बसायचो. सासरे बेंजो वाजवायचे. बेंजो म्हणजे आमच्याकडचा, बटणांचा, बुलबुलतरंगाला पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारं चुंबक, बसवून केलेला. ढोलकीवर त्यांचे मिलमधले जुने सोबती. गायला माकुणसारहून स्कूटरवर येणारी, शाळेत शिकवणारी एक बाई, माझ्याच वयाची. आणि गिटारवर मी. केळव्यापासून बोईसरपर्यंत हळदीला, साखरपुड्याला आम्हाला बोलावणी यायची.

"बाबा, मी तेच वाजवते जे नेहमी वाजवते," मी म्हटलं.

"मग हात जड झाले असतील. दिवसभर कारखान्यात पाने फिरवायचे, मग गिटार धरायची. बोईसरच्या साखरपुड्याला अजून तीन आठवडे हायत. तोवर नाय सुधारली तर मी कीबोर्डवाला बोलावतो."

ढोलकीवाल्या काकांनी उगाच दोरी आवळली. माझे कान तापले. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण लग्नानंतर माळ्यावर टाकलेली माझी गिटार खाली काढायला लावली होती ती ह्याच माणसाने. सून स्टेजवर बसणार म्हणून नातेवाइकांनी तोंडं वाकडी केली, तेव्हा "माझ्या शेजारी बसते, अजून कुठं जाते?" असं म्हणून त्यांनी सगळ्यांना गप्प केलं होतं. तोच माणूस आता सगळ्यांसमोर मला काढून टाकायची भाषा करत होता.

वाईट ह्याचं वाटत होतं की त्यांचं म्हणणं अगदी खोटं नव्हतं. गिटारचा आवाज मंद झाला होता, मलाही ते जाणवत होतं. पूर्वी आम्ही आपापले छोटे अँप, म्हणजे स्पीकरचे डबे, पायाशी ठेवायचो. चार महिन्यांपूर्वी साउंडवाल्याने सांगितलं की स्टेजवरचे अँप बंद करा, सगळं थेट माझ्या मिक्सरला द्या. त्याचा सगळे आवाज जुळवायचा मिक्सर हॉलच्या दुसऱ्या टोकाला. तेव्हापासून आमच्या वाद्यांना पन्नास-साठ फुटांच्या वायरी लागल्या, सरावालाही आम्ही त्याच वायरी वापरू लागलो. तारेवर नख आपटल्यावर जी एक टोकदार किणकिण उठते ती हळूहळू गेली. मी तारा बदलल्या, सगळी बटणं फिरवून पाहिली. काही उपयोग झाला नाही. मग मला माझ्याच बोटांची शंका यायला लागली.

त्याच आठवड्यात कारखान्यात एक गोष्ट घडली. मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहे. मीटर, सेन्सर, वायरी हे माझं काम. सांडपाणी शुद्ध करून बाहेर सोडण्याआधी त्याची आम्लता मोजतात. टाकीत काचेचा एक प्रोब बुडवलेला असतो, त्याची वायर मीटरला जाते. मीटरने सात दाखवलं की पाणी ना आम्ल ना अल्क, सोडायला हरकत नाही. आदल्या आठवड्यात तो मीटर जुन्या जागेवरून काढून लांबच्या नव्या पॅनेल रूममध्ये हलवला होता, आणि वायरीला मध्ये जोड दिला होता.

त्या सकाळी मीटर सात दाखवत होता. आदल्या दिवशीही सात. त्याच्या आदल्या दिवशीही सातच. मला ते फार सरळ वाटलं. मी टाकीतल्या पाण्यात तपासणीची कागदी पट्टी बुडवली. पट्टी केशरी झाली. म्हणजे पाणी आंबट होतं, चांगलंच. मागे वळून पाहिलं तर ऑपरेटरने व्हॉल्व्हच्या चाकावर हात ठेवला होता.

"थांबा!" मी ओरडले. "सोडू नका!"

"मॅडम, मीटर सात दाखवतोय."

"मीटर खोटं बोलतोय. हात काढा."

त्याने हात काढला. अजून अर्धं मिनिट गेलं असतं तर ते पाणी बाहेरच्या लाइनला लागलं असतं. मी आमच्या सीनियरना बोलावलं. ते उत्तर प्रदेशातले, वीस वर्षं ह्याच कामात. त्यांनी मीटरकडे पाहिलंसुद्धा नाही. वायरीचा जोड उघडला, आत दमट होतं. मग मला विचारलं, "बीच में प्रीअँप लगाया था?"

"नाही."

"प्रोब बेचारा बहुत कमज़ोर है. इतनी लंबी तार का बोझ उससे कैसे उठेगा?"

त्यांनी मला समजावलं ते मी शिकले होतेच, पण पुस्तकात शिकलेलं आणि त्या व्हॉल्व्हपाशी उभं राहून शिकलेलं ह्यांत फरक असतो. काचेच्या प्रोबमधून निघणारा सिग्नल इतका नाजूक असतो की मधल्या वाटेत कुणी थोडाही ओढला तरी तो बसतो. दमट जोडातून तो गळत होता आणि मीटर नुसताच साताशी येऊन थांबला होता. आम्ही प्रोबच्या डोक्याशीच एक छोटा प्रीअँप बसवला. तो सिग्नल मोठा करत नाही. जेवढा येतो तेवढाच पुढे देतो, पण प्रोबकडून जवळजवळ काहीच न ओढता घेतो आणि स्वतःच्या ताकदीने लांबच्या वायरीत ढकलतो. मीटरचा आकडा हलला. साडेचार. खरा आकडा.

संध्याकाळी बोईसर स्टेशनकडे येणाऱ्या रिक्षात मी गुडघ्यावर बॅग धरून बसले होते. माझ्या गिटारच्या पिकअपमध्ये लोहचुंबकाभोवती केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे असतात. त्यातून निघणारा सिग्नलही तसाच नाजूक. पायाशी अँप होता तोवर वाट दहा फुटांची होती. आता साठ फुटांची. लांब वायर आवाजातला जाड भाग जाऊ देते आणि वरचा बारीक, टोकदार भाग पिऊन टाकते. बोटं जड झाली नव्हती. वायर जड झाली होती.

मी स्टेशनला उतरले नाही. रिक्षावाल्याला मागे वळवायला सांगितलं आणि बाजारात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात गेले. तिथल्या काकांकडून एक आठ पायांची चिप, चार-पाच रेझिस्टर, दोन कपॅसिटर, जॅकची सॉकेट, एक बारीक दिवा आणि नऊ व्होल्टच्या बॅटरीची टोपी घेतली.

"काय बनवता?" त्यांनी विचारलं.

"बफर. गिटारसाठी."

"आवाज वाढवायला?"

"नाही. आहे तेवढाच नीट पोचवायला."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि सामान कागदात बांधून दिलं.

सर्किट साधं होतं. आत येणारा सिग्नल चिपच्या एका पायाला द्यायचा. तिथे दहा लाख ओहमचा रेझिस्टर, म्हणजे पिकअपला वाटतं की पुढे कुणी नाहीच, कुणी ओढत नाहीये. आणि बाहेर पडताना चिप स्वतःच्या बॅटरीच्या बळावर वायर भरते. सगळं बसवायला धातूची डबी हवी होती, नाहीतर ट्यूबलाइटची घरघर आत शिरते. माझ्या डब्यातली चटणीची स्टीलची छोटी डबी अगदी मापाची निघाली. सासूबाईंनी मला तिला भोकं पाडताना पाहिलं.

"त्यात मी उद्या चटणी कशी देऊ?" त्या म्हणाल्या.

"कागदात द्या आई."

पुढच्या रविवारी मी डबी घेऊन पत्र्याच्या खोलीत गेले. मनात राग होता, तो लपवत नाही. सासरे सगळ्यांसमोर बोलले होते, तर सगळ्यांसमोरच दाखवायचं असं मी ठरवलं होतं. लांब वायर थेट गिटारला लावून मी चार ओळी वाजवल्या. मग डबी मध्ये घातली. गिटारकडून हातभर वायर डबीला, डबीतून लांब वायर पुढे. तेच सूर परत वाजवले.

बाईने तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! खिडकी उघडल्यासारखं झालं!"

ढोलकीवाले काका पुढे झुकले. "परत वाजव. आता कशी लखलखीत वाजली."

सासरे त्यांच्या दोघांच्या चेहऱ्यांकडे बघत होते. मग म्हणाले, "हां. आता झालं."

मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. तेवढ्यात डबीवरचा दिवा मंदावलेला दिसला, आत घरातली जुनी बॅटरी होती, म्हणून मी डबी काढली, वायर परत थेट गिटारला लावली आणि सहज म्हणाले, "थांबा, अजून एकदा ऐकवते." मला सांगायचं होतं की ही डबीशिवाय, पण ते शब्द बोलायच्या आधीच मी तार छेडली.

सासरे मान डोलावून म्हणाले, "बघ, किती मोकळी झाली! हेच पाहिजे होतं मला."

आवाज पुन्हा बोथट होता. माझ्या मांडीवर डबी सुटी पडलेली होती. काकांनी नजर ढोलकीकडे वळवली. बाईने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं, आणि आम्ही दोघींनी एकदमच दुसरीकडे बघितलं.

त्यांना कळलं नव्हतं. फरक कळला नव्हता, म्हणून ते बाकीच्यांचे चेहरे वाचत होते. आणि मग मागचं एकेक आठवायला लागलं. गेलं वर्षभर ते बाईला म्हणत होते, तू शब्द गिळतेस. काकांना म्हणत होते, ढोलकीची शाई गेली. टीव्हीवरच्या बातम्यांत तोंडातल्या तोंडात बोलतात म्हणून चिडत होते. मंद झाली होती ती फक्त माझी गिटार नव्हती. त्यांच्यासाठी सगळं जगच.

"हे माझ्या बेंजोला पण लाव," सासरे म्हणाले. "बोईसरच्या आधी."

मी "हो बाबा" म्हटलं.

त्या दुपारी सासूबाई ओट्यापाशी बोंबील साफ करत होत्या. मी दार लोटलं आणि हळूच म्हटलं, "आई, बाबांना कमी ऐकू येतं."

त्यांचा विळीवरचा हात थांबला नाही. "तुला आज कळलं?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"दोन वर्षं झाली. कुकरची शिटी नाय येत त्यांना. मोबाइल वाजला तर मीच ओरडते, अहो फोन. दारावरची बेल वाजली तर दार मीच उघडते." त्यांनी बोंबलाचं डोकं उडवलं. "सव्वीस वर्षं मिलमध्ये लूमच्या, मागांच्या खात्यात होते. कानात कापूस कोंबून जायचे, घरी येऊन ओरडून बोलायचे. कधीतरी हे होणारच होतं."

"मग डॉक्टरला दाखवूया ना."

आता त्या थांबल्या. "ऐक पोरी. मिल बंद झाली तेव्हा हे सहा महिने खाटेवरून उठले नव्हते. बेंजोनं उठवलं त्यांना. तू त्यांना सांगितलंस की तुमचा कान गेला, तर दुसऱ्या दिवशी ते बेंजो पेटीत घालतील आणि परत खाटेवर पडतील. नको सांगू. मी हात जोडते."

त्यांनी खरंच माशाने माखलेले हात जोडले.

दोन दिवस मी बेंजोची डबी बनवली नाही. मिस्टरांना सांगून पाहिलं. ते पालघरला सरकारी कचेरीत आहेत, घरातली भांडणं बाहेरच सोडून यायची सवय. ते म्हणाले, "आई म्हणते ते कर."

मग मी टेबलाशी बसले. मला एक गोष्ट लक्षात आली होती आणि तिने माझी झोप उडवली होती. सुरांच्या बटणांखेरीज बेंजोवर आवाजाचं एक आणि धारेचं एक अशी फिरवायची दोन बटणं आहेत. धारेचं बटण वाढवलं की आवाज तिखट होतो. सासऱ्यांना वरचं ऐकू येत नसल्यामुळे ते गेले काही महिने धार पूर्ण उघडून वाजवत होते. मग लोकांना ते टोचत का नव्हतं? कारण साठ फुटांची वायर ती सगळी धार पिऊन टाकत होती. वायरीचा दोष त्यांच्या कानाचा दोष झाकत होता. आणि मी आता वायरीचा दोष काढायला बसले होते.

माझ्या हातात एक छोटासा कपॅसिटर होता. तो एका जागी जोडला असता तर डबी आवाजातला वरचा, टोकदार भाग मुकाट्याने कापत राहिली असती. त्यांना कळलं नसतं. कुणालाच कळलं नसतं. सोल्डरिंग गन तापली होती, टोकातून धूर येत होता. शेवटी कपॅसिटर बाजूला ठेवला. मीटर खोटं बोलताना मी आठच दिवसांपूर्वी पाहिला होता, आता स्वतःच्या हाताने दुसरा खोटा मीटर बनवणं मला जमेना. पण खरं सांगण्याचं धाडसही नव्हतं. म्हणून मी सगळ्यात वाईट गोष्ट केली. डबी खरी बनवली आणि तोंड बंद ठेवलं. साउंडवाला मिक्सरवरून सांभाळून घेईल, असं स्वतःला समजावलं.

साखरपुडा सकाळी अकराचा होता. बोईसरचा हॉल भरला होता. पुढच्या रांगेत नव्या कोऱ्या साड्यांतल्या बायका, मुलाकडची मंडळी डाव्या बाजूला. मी साउंडवाल्याला गाठून सांगितलं होतं, "आज बेंजो जरा तिखट येईल, लक्ष ठेवा." तो म्हणाला, "काळजी नको ताई." पहिली दोन गाणी बरी गेली. मी सारखी हॉलच्या टोकाला मिक्सरकडे बघत होते, त्याचं डोकं तिथे दिसलं की जिवात जीव यायचा.

तिसऱ्या गाण्याआधी सासऱ्यांनी त्याला खूण केली. बेंजोचा आवाज समोरच्या स्पीकरात वाढव, अशी. म्हणजे त्यांच्या पायाशी ठेवलेल्या, त्यांच्याकडे तोंड केलेल्या स्पीकरात. त्याने वाढवला. मग लाइट एकदा फडफडली, तो उठला आणि जनरेटर बघायला बाहेर गेला.

गाणं सुरू झालं. सासऱ्यांनी धारेचं बटण शेवटपर्यंत फिरवलं, ते मी पाहिलं. बेंजोचा आवाज स्पीकरात, स्पीकरचा परत बेंजोच्या पिकअपमध्ये. आधी एक बारीक शीळ आली, मग ती चढत गेली आणि सुरीसारखी हॉलभर पसरली. पुढच्या रांगेतल्या बायकांनी कानांवर हात ठेवले. कुणाचं तरी तान्हं रडायला लागलं. नवऱ्या मुलाच्या वडिलांनी अर्धवट उठून स्टेजकडे हात केला, बंद करा म्हणून. बाई गाता गाता थांबली. काकांची ढोलकी थांबली.

सासरे वाजवत होते. डोळे मिटून, मान किंचित तिरकी करून, अगदी मनापासून.

मी मिक्सरकडे पाहिलं. खुर्ची रिकामी. काकांकडे पाहिलं. ते घामाघूम होऊन माझ्याकडेच बघत होते. लोक हसायला लागायच्या आधी कुणीतरी काहीतरी करायला हवं होतं, आणि जवळ मीच होते. मी गिटार गळ्यात तशीच धरून दोन पावलं सरकले, वाकले आणि त्यांच्या बेंजोवरचं धारेचं बटण मागे फिरवलं.

शीळ तुटली.

त्यांनी डोळे उघडले आणि माझं मनगट पकडलं. घट्ट. दोनशे माणसांसमोर सुनेने त्यांच्या वाद्याला हात लावला होता. त्यांचा चेहरा लाल झाला होता. मग त्यांनी समोर पाहिलं. कानांवरून हात खाली येत होते. एक बाई लहानग्याला थोपटत बाहेर नेत होती. त्यांनी काकांची थांबलेली ढोलकी पाहिली, गाणाऱ्या बाईचा बंद माइक पाहिला. ते पाहताना त्यांच्या चेहऱ्यावरचा राग कसा उतरत गेला, ते मी इतक्या जवळून पाहिलं की अजूनही मला ते आठवू नयेसं वाटतं.

"कधीपासून वाजत होतं?" त्यांनी हळू विचारलं.

"गाणं सुरू झाल्यापासून, बाबा."

"खूप?"

"हो."

त्यांनी मनगट सोडलं. क्षणभर वाटलं, ते उठतात. पण त्यांनी बेंजो माझ्याकडे थोडा सरकवला आणि म्हणाले, "तू ठेव नीट." मी बटण अर्ध्याच्या खाली ठेवलं. त्यांनी काकांकडे बघून मान हलवली, ठेका आला आणि गाणं पहिल्यापासून सुरू झालं. बाकीचा सगळा कार्यक्रम त्यांनी आवाजाच्या आणि धारेच्या बटणांना हात न लावता वाजवला. एकदाही डोळे मिटले नाहीत.

टेंपोतून घरी येताना ते ड्रायव्हरशेजारी बसले, मी मागे सामानाजवळ. घरी आल्यावर सासूबाईंनी आमचे चेहरे पाहिले आणि काही विचारलं नाही. पुढचे चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. सासूबाईही जेमतेम. बेंजो पेटीत गेला, पेटी कपाटावर गेली. त्या ज्याला घाबरत होत्या तेच मी करून बसले होते. कामावर मी दोनदा चुकीच्या मीटरचं कव्हर उघडलं. रोज संध्याकाळी घरी येताना आधी नजर खाटेकडे जायची, ते त्यावर पडलेत का ते बघायला.

पाचव्या दिवशी सकाळी मी चपला घालत होते, तर ते दारात इस्त्रीचा शर्ट घालून उभे.

"आज सुट्टी घे," ते म्हणाले. "पालघरला कानाच्या डॉक्टरकडे जायचंय. तुझी सासू येते म्हणते, पण तिला त्यातलं समजणार नाय. तुला मीटरचं कळतं."

दवाखान्यात त्यांना काचेच्या खिडकीच्या छोट्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन लावले. आवाज आला की बोट वर करायचं. मला बाहेर तपासणाऱ्या मुलीच्या शेजारी उभं राहू दिलं. ती बटण दाबायची, सासऱ्यांचं बोट वर जायचं. बटण, बोट. मग ती वरच्या सुरांकडे गेली. बटण दाबलं. काचेपलीकडे ते मन लावून ऐकत होते. तिने आवाज वाढवला. परत दाबलं. अजून वाढवला. बोट मांडीवर तसंच. ते इतके सावध बसले होते, शाळेत परीक्षेला बसलेल्या मुलासारखे, की मला बघवेना. कितव्या वेळी कुणास ठाऊक, शेवटी बोट किंचित उठलं, तेही अंदाजाने.

कागदावरची रेघ अर्ध्यापर्यंत सरळ होती, पुढे कड्यावरून पडल्यासारखी खाली गेली होती. डॉक्टर म्हणाले, वर्षानुवर्षं यंत्राच्या आवाजात काम केल्यावर असं होतं, गेलेलं परत येत नाही, पण कानात मशीन लावलं तर बोलणं नीट कळेल.

बाहेर बाकावर बसून ते तो कागद बघत राहिले. "म्हणजे तुझी गिटार ठीक होती," ते म्हणाले.

"नाही बाबा. गिटारही मंद झाली होती. लांब वायरीमुळे. ते तुम्ही बरोबर पकडलं होतंत."

"आणि मी डबी लावल्यावर चांगली वाजते म्हटलं ते?"

खोटं बोलायची ही शेवटची संधी होती. "तेव्हा डबी लावलेली नव्हती," मी म्हटलं.

त्यांनी कागद बाकावर ठेवला. एक रिक्षा हॉर्न देत गेली. "तेव्हाच सांगायचं होतंस," ते म्हणाले. "हॉलमध्ये नाय."

"हो. चुकलं माझं."

त्यावर त्यांनी मला माफ केलं असं काही म्हटलं नाही. उठले आणि चालू लागले. मी कागद घेऊन त्यांच्या मागून गेले. पण स्टेशनला तिकिटाच्या रांगेत त्यांनी माझी बॅग माझ्या हातातून घेतली, ती उमरोळीपर्यंत स्वतःच्या खांद्यावर ठेवली.

पुढच्या रविवारी पेटी कपाटावरून खाली आली. पत्र्याच्या खोलीत त्यांनी काका आणि बाईसमोर सांगितलं, "मला वरचं ऐकू येत नाय. तुमा दोघांना माहीत हाय, तरी मी सांगतो." काका काहीतरी सावरून घ्यायला लागले तर त्यांना हाताने थांबवलं. मग मला धारेचं बटण बरोबर जागी ठेवायला सांगितलं आणि त्यावर स्वतःच चिकटपट्टी लावली. कानातलं मशीन ते बोलायला लावतात, वाजवताना काढून खिशात ठेवतात. त्यातून बेंजो पत्र्याचा वाटतो म्हणे. सासूबाई अजून सवयीने "अहो फोन" म्हणून ओरडतात आणि ते "ऐकला" म्हणून त्यांच्यावर ओरडतात.

सगळं सुरळीत झालं असं नाही. कधीकधी ती पट्टी सोललेली सापडते आणि बटण पुढे सरकलेलं असतं. मी काही न बोलता ते मागे आणते, ते काही न बोलता बघतात. कार्यक्रमात अजूनही तिसऱ्या गाण्याच्या आसपास माझे खांदे आखडतात, नजर मिक्सरच्या खुर्चीकडे जाते.

गेल्या महिन्यात सरावाला एक जुनं हळदीचं गाणं बसवत होतो. संपल्यावर त्यांनी विचारलं, "कसं झालं?" बाई म्हणाली छान, काका म्हणाले छान. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"दुसऱ्या कडव्यात तुमचं एक सुराचं बटण अर्धवट दाबलं जातं, बाबा. सूर फाटतो."

काकांनी पटकन ढोलकीची दोरी चाचपली. सासऱ्यांनी बेंजो मांडीवर नीट घेतला, बोट त्या बटणावर ठेवलं आणि म्हणाले, "कुठलं? हे? चला, दुसरं कडवं परत."